गोदामाची किल्ली कुणाकडे?

७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या मध्यभागी आग लागली. वाऱ्याने ती आवरेना, तसे आसपासच्या शहरांना निरोप गेले आणि मदत खरोखर आली. वॉशिंग्टनचे बंब आगगाडीवर चढवून काही तासांत पोचले, पाठोपाठ फिलाडेल्फियाचे आणि न्यू यॉर्कचे. माणसं तयारीची होती, यंत्रं दणकट होती. पण पाहुण्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटला, म्हणजे बंबांसाठी रस्त्यावर बसवलेल्या पाण्याच्या नळाला, बसेनात. दीड हजारांहून जास्त इमारती जळाल्या. नळीचे आटे जुळले असते तर सगळं शहर वाचलं असतं असं कुणी म्हणणार नाही. पण मदत दारात उभी आहे आणि तिचा हात आपल्या हातात येत नाही, ही त्या रात्रीची गोष्ट मला आपत्तीविषयीच्या प्रत्येक चर्चेत आठवते. नंतर शोध घेतला तेव्हा कळलं की त्या एकाच देशात नळीच्या जोडणीचे सहाशेहून जास्त प्रकार चालू होते.

समुद्रावरच्या लोकांनी हा धडा मनावर घेतला. सागरी सुरक्षेच्या सोलास करारानुसार ५०० किंवा त्याहून जास्त ग्रॉस टनेजच्या (हे जहाजाच्या आकारमानाचं माप) प्रत्येक जहाजावर ‘आंतरराष्ट्रीय किनारा जोडणी’ नावाची एक वस्तू ठेवावीच लागते. दिसायला अगदी साधी. १७८ मिलिमीटर व्यासाची एक सपाट लोखंडी तबकडी, तिला चार बोल्टांच्या खाचा, आणि मागच्या बाजूला त्या जहाजाच्या स्वतःच्या नळाला बसणारे आटे. जहाज कुठल्याही देशाचं असो, बंदर कुठलंही असो, तबकडीला तबकडी लावून चार बोल्ट आवळले की किनाऱ्यावरचं पाणी जहाजाच्या नळांत शिरतं. आग लागल्यावर भाषा, झेंडा, परवानगी यांची चर्चा करायची नाही, कारण ती चर्चा आधीच कधीतरी एका बैठकीत होऊन गेलेली आहे.

भूकंप, महापूर, चक्रीवादळ, तेलगळती, साथ अशा संकटांसाठी देशांनी मिळून उभारलेल्या साहित्याच्या साठ्यांकडे मी या तबकडीच्या बाजूने पाहतो. असे साठे हवेत का, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. हवेतच. प्रश्न असा की ते साठे कुणाच्या हक्काचे आहेत, कुलूप कोण उघडणार, आणि गोदामाबाहेर पडलेला ट्रक सीमेवर किती तास उभा राहणार. हे तिन्ही प्रश्न संकटाच्या आधी सुटले नसतील तर गोदामात कितीही माल असो, तो असून नसल्यासारखा.

सध्या काय आहे ते थोडक्यात पाहू. संयुक्त राष्ट्रांचं मदत साहित्याचं कोठार पूर्वी इटलीत पिसा इथे होतं. २००० साली ते ब्रिंडिसी या बंदराच्या गावी हललं आणि जागतिक अन्न कार्यक्रमाच्या हाती आलं. २००६ पासून घानातलं अक्रा, दुबई, पनामा आणि मलेशियातलं सुबांग इथेही तशीच आगारं सुरू झाली. इथे अनेक संस्था आपापलं साहित्य एका छपराखाली ठेवतात. जागेचं भाडं द्यावं लागत नाही. मागणी आल्यापासून २४ ते ४८ तासांत माल रवाना करायचा, हे उद्दिष्ट. यातली एक व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. काही सामान कुठल्याही संस्थेचं बोधचिन्ह न छापता कोरं ठेवलेलं असतं. एकीचे तंबू संपले तर ती दुसरीचे उचलते, नंतर परतफेड करते. आपल्या नावाचा शिक्का दिसला पाहिजे हा मोह सोडला की साठा किती मोकळा होतो, ते इथे दिसतं.

गोदामाच्या आत काय असतं? चार बाय सहा मीटरची ताडपत्री, जिचा नमुना अनेक संस्थांनी मिळून ठरवलेला आहे. घडीचे पाण्याचे कॅन. पाणी शुद्ध करायची यंत्रं. मोठाल्या तंबूंचे सांगाडे. १०,००० माणसांना तीन महिने पुरेल असा औषधांचा ठरलेला संच, ज्यात कुठल्या खोक्यात काय आहे हे तो उघडणाऱ्या डॉक्टरला आधीच ठाऊक असतं. आणि जनरेटर. या जनरेटरांपाशी जरा थांबायला हवं. बंद ठेवलेलं यंत्र जसंच्या तसं राहतं, असा आपला समज असतो. बॅटरी आपोआप उतरते. पंपाची रबरी सीलं सुकून तडकतात. टाकीतलं डिझेल जुनं होऊन गाळ धरतं. क्लोरीनच्या गोळ्यांची मुदत संपते. म्हणून कुणीतरी ठरलेल्या दिवशी प्रत्येक यंत्र चालू करून पाहावं लागतं, तेल बदलावं लागतं, मुदत संपत आलेला माल वेळेत दुसरीकडे वापरायला काढून त्या जागी नवा भरावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे. त्याचे फोटो निघत नाहीत. आणि यासाठी पैसे द्यायला सगळ्यात कमी लोक पुढे येतात. संकटात विमानातून खोकी उतरताना दिसली की जगभरातून देणग्या येतात. ती खोकी आधीची चार वर्षं ज्याने उंदरांपासून आणि ओलीपासून जपली, त्याच्या पगारासाठी कुणी पेटी फिरवत नाही.

एकत्र साठा ठेवण्याचा हिशेब साधा आहे. दहा देशांपैकी प्रत्येकाने मोठ्या भूकंपाला पुरेल एवढं सामान स्वतःपुरतं ठेवलं तर दहा संच लागतील, आणि त्यातले नऊ बहुतेक काळ धूळ खात पडतील. दहाही देशांत एकाच महिन्यात मोठा भूकंप होणं जवळजवळ अशक्य. मग तीन संच मिळून ठेवले तरी भागतं, उरलेल्या पैशात ते तीन संच नीट राखता येतात. जी वस्तू महाग आहे, क्वचित लागते आणि लागते तेव्हा तिच्यावाचून चालतच नाही, तिच्या बाबतीत हा हिशेब आणखी पक्का.

तेल कंपन्यांना तो चटका बसल्यावर कळला. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खणणाऱ्या समुद्रातल्या फलाटावर स्फोट झाला, अकरा कामगार गेले आणि समुद्रतळाशी उघडी पडलेली विहीर ८७ दिवस तेल ओकत राहिली. तिच्या तोंडावर बसेल असं झाकण तयार ठेवलेलं नव्हतं. एकामागून एक उपाय फसत गेले, तेव्हा कुठे १५ जुलैला झाकण बसून तेल थांबलं. त्यानंतर कंपन्यांनी मिळून तशी झाकणं बनवून घेतली आणि नॉर्वे, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, सिंगापूर इथे ठेवली. बाजारात एकमेकींचा गळा धरणाऱ्या या कंपन्या त्या झाकणाची वर्गणी मात्र मुकाट्याने भरतात. इथे वर्गणी ठरलेली आहे, माल ठरलेला आहे, आणि सभासदाने मागितलं की द्यायचं हेही ठरलेलं आहे. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, एवढं त्यांनी कागदावर उतरवलं. सरकारांना हे जमत नाही ते का, याचं उत्तर पैशात नाही. ते किल्लीत आहे.

दक्षिण आशियाचंच उदाहरण घ्या. सार्क देशांनी १९८८ साली अन्नसाठा उभारला, दोन लाख टन धान्याचा. कागदावर भरभक्कम. पण हे धान्य प्रत्येक देशाने आपल्याच कोठारात, आपल्याच ताब्यात ‘राखून ठेवलेलं’ होतं. कुणाला ते हवं असेल तर त्याने दुसऱ्या देशाकडे मागायचं, मग दर, अटी, वाहतूक यांची बोलणी दोघांनी बसून करायची. उपाशी माणसाने आधी वाटाघाटी कराव्यात अशी ही रचना. दोन दशकं तो साठा कामाला आला नाही, म्हणून २००७ मध्ये सार्क अन्न पेढी या नावाने नवा करार करावा लागला. साठ्याचा आकडा वाढवला म्हणून साठा वापरात येत नाही. तो कधी आणि कसा सुटणार, त्याचा नियम आधी लागतो.

याउलट लसींचं बघा. आफ्रिकेत मेंदूज्वराच्या मोठ्या साथी येऊन गेल्यावर १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रेड क्रॉसचा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि ‘सीमारहित डॉक्टर’ या चौघांनी एक समन्वय गट स्थापन केला. मेंदूज्वर, पीतज्वर, कॉलरा आणि पुढे इबोला यांच्या लसींचा आणीबाणीचा साठा हा गट सांभाळतो. साथ आलेला देश ठरलेला अर्ज भरतो: किती रुग्ण, प्रयोगशाळेची खात्री, लस कुठे कशी देणार, शीतसाखळी, म्हणजे लस शेवटपर्यंत थंड ठेवायची सोय, आहे का. चौघं तो तपासतात आणि साधारण दोन कामकाजी दिवसांत हो किंवा नाही सांगतात. मागणाऱ्याचं सरकार कुणाला आवडतं की नाही, हा प्रश्न त्या अर्जात नाही. किल्ली एकाच्या खिशात नाही, आणि ती कधी फिरवायची याच्या अटी सगळ्यांना आधी माहीत आहेत. तंबू, पंप, जनरेटर, पूल बांधायचं साहित्य यांच्या साठ्यांना असाच नियम लावायला काय हरकत आहे? अमुक तीव्रतेचा भूकंप, इतकी लोकवस्ती त्या पट्ट्यात, नदीची पातळी इतकी वर. हे मोजमाप झालं की पहिली खेप आपोआप निघाली पाहिजे. सविस्तर पंचनामा आणि अंदाज मागून होऊ दे. पहिल्या खेपेत थोडं जास्त गेलं तरी बिघडत नाही, उरलेलं परत आणता येतं. गेलेले तास परत आणता येत नाहीत.

युरोपियन संघाचा अनुभव यात मोलाचा आहे, कारण तिथे आधीची पद्धत ऐच्छिक होती. संकटातल्या देशाने हाक द्यायची, बाकीच्यांना जमेल तसं पाठवायचं. २०१७ च्या उन्हाळ्यात आणि नंतर ऑक्टोबरमध्ये पोर्तुगालची जंगलं पेटली, शंभरहून जास्त माणसं मेली. पोर्तुगालने विमानं मागितली, तेव्हा ज्यांच्याकडे विमानं होती त्या शेजाऱ्यांचीही रानं तेव्हाच जळत होती. त्यांनी दगा दिला असं म्हणता येणार नाही. स्वतःचं घर पेटलेलं असताना बंब शेजारी पाठवायला कुठलं सरकार धजावेल? पण ऐच्छिक मदतीची मर्यादा तिथे उघडी पडली. २०१९ मध्ये त्यांनी ‘रेस्कईयू’ नावाचा वेगळा राखीव ताफा उभारायचा निर्णय घेतला. यातली विमानं आणि साहित्य सदस्य देशांतच असतं, खर्चाचा मोठा भाग संघ उचलतो, आणि म्हणूनच ते कुठे जाणार हे ठरवताना एकट्या मालकाचा शब्द अखेरचा राहत नाही.

किल्ली फिरली, माल निघाला, तरी पुढे सीमा असते. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो आणि याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी काठमांडूच्या विमानतळावर मदत साहित्य उतरवून वर्गवारी करायची एक खास जागा तयार झाली होती. ही दूरदृष्टी भूकंपात अक्षरशः कामी आली. पण विमानतळाला धावपट्टी एकच, तिलाही भेगा पडू लागल्या, म्हणून जड विमानांना बंदी घालावी लागली. आणि जे उतरलं ते कस्टम्सच्या नेहमीच्या तपासणीत अडकलं. तंबू आणि ताडपत्र्यांवरचा कर माफ व्हायला जवळपास आठवडा गेला. त्या आठवड्यात डोंगरातल्या गावांतून पाऊस पडत होता. यात नेपाळच्या एखाद्या अधिकाऱ्याला दोष देऊन काही साधत नाही. त्याच्यासमोर नियमांचं पुस्तक होतं, आणि त्या पुस्तकात ‘भूकंपानंतर काय करायचं’ हे पान नव्हतं. ते पान शांततेच्या काळात लिहायचं असतं.

तसं पान आहेही. रेड क्रॉसच्या परिषदेने २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय मदतीच्या नियमनाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली: मदत साहित्याला करमाफी, कमीत कमी कागदपत्रं, मदतनिसांना झटपट व्हिसा, परदेशी डॉक्टरांच्या पदवीला तात्पुरती मान्यता. पण ती तत्त्वं आहेत, कायदा नाही. ज्या देशाने ती आपल्या कायद्यात उतरवली तिथेच त्यांना दात येतात. संपर्कसाधनांसाठी १९९८ मध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरे इथे स्वतंत्र करार झाला, कारण उपग्रह फोन आणि वायरलेस संच घेऊन आलेल्या पथकांची यंत्रं परवान्याअभावी विमानतळावरच अडकून पडत. तो अमलात यायला २००५ चा जानेवारी उजाडला. तोवर हिंद महासागरातली त्सुनामी येऊन दोन आठवडे झाले होते.

सीमेचा प्रश्न कधी कधी कागदाचा नसून सत्तेचा असतो. २००८ च्या मे महिन्यात नर्गिस चक्रीवादळाने म्यानमारचा इरावतीचा त्रिभुज प्रदेश धुऊन नेला. फ्रान्सचं मिस्त्राल हे नौदलाचं जहाज सुमारे हजार टन साहित्य घेऊन किनाऱ्याबाहेर थांबलं होतं. लष्करी सरकारने त्याला येऊ दिलं नाही. शेवटी तो माल थायलंडमध्ये उतरवावा लागला. परदेशी युद्धनौकेची भीती वाटणाऱ्या त्याच सरकारने आसियानचा, म्हणजे आपल्या शेजाऱ्यांच्या संघटनेचा, मधला मार्ग मात्र स्वीकारला. मला यातला धडा स्पष्ट दिसतो. ज्या साठ्यात आपलीही वर्गणी आहे, ज्याच्या मंडळावर आपलाही माणूस बसतो, त्या साठ्याचा ट्रक परका वाटत नाही. आसियानने पुढे २०१२ मध्ये सुबांगला आपलं प्रादेशिक कोठार सुरू केलं, जपानच्या निधीतून, आणि २०१९ मध्ये थायलंड आणि फिलिपिन्समध्ये त्याच्या शाखा काढल्या. जगातल्या सगळ्या संकटांना पुरेल असं एकच अवाढव्य आगार कुठेतरी बांधण्यापेक्षा शेजाऱ्यांनी मिळून उभारलेली अशी मध्यम कोठारं मला जास्त भरवशाची वाटतात. अंतर कमी, हवामान सारखं, आणि माणसं एकमेकांना नावानिशी ओळखतात.

सीरियाच्या वायव्य भागात ही ओळखही नव्हती. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तिथे तुर्कस्तानातून संयुक्त राष्ट्रांची मदत न्यायला बाब अल-हवा हा एकच सीमामार्ग सुरक्षा परिषदेने मंजूर केलेला होता. पहिला ताफा ९ फेब्रुवारीला आत शिरला. आणखी दोन मार्ग खुले व्हायला १३ तारीख आली. ढिगाऱ्याखाली दबलेल्या माणसाला पहिले तीन दिवस सगळ्यात मोलाचे असतात. ते तिन्ही दिवस वाट पाहण्यात गेले. अशा वेळी मदतीचा मार्ग राजकीय मंजुरीतून वगळणारा नियम हवा, आणि तो सुरक्षा परिषदेच्या दर खेपेच्या मतदानावर टांगलेला नसावा, असं मी ठामपणे म्हणेन.

मदत घेणाऱ्याचा शब्दही या सगळ्यात पहिला असला पाहिजे. १९८८ च्या डिसेंबरमध्ये आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा जगाने सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान पाठवलं. ते निवडून लावायला पन्नास माणसांना सहा महिने लागले. कितीतरी खोक्यांवरची भाषा कुणाला वाचता येईना, कितीतरी औषधांचा तिथे उपयोग नव्हता. पुढे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम काढले: मागितल्याशिवाय पाठवू नका, घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत लेबल लावा, पोचल्यानंतर किमान वर्षभर मुदत शिल्लक असू द्या. २०१८ मध्ये सुलावेसी बेटावर भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा इंडोनेशियाच्या सरकारने सुरुवातीलाच सांगितलं की आम्हाला मालवाहू विमानं, तंबू, पाणी शुद्ध करायची यंत्रं आणि जनरेटर हवेत. काहींना तो ताठा वाटला. मला तो जबाबदारपणा वाटतो. सामायिक साठ्याचा मोठा फायदा हाच की त्यात काय आहे याची यादी घेणाऱ्याकडे आधीपासून असते. त्याने बोट ठेवायचं आणि तेवढंच यायचं.

आता सगळ्यात अवघड भाग. वरचा दहा देशांचा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: संकट एका वेळी एकावर किंवा दोघांवर येतं. २०२० च्या मार्चमध्ये ते गृहीत कोसळलं. इटलीने मास्क मागितले आणि सुरुवातीला युरोपातून कुणी हात पुढे केला नाही. उलट काही देशांनी मास्क देशाबाहेर न्यायला बंदी घातली. १९ मार्चला रेस्कईयूमध्ये वैद्यकीय साठाही ठेवायचं ठरलं, म्हणजे वरातीमागून घोडं. आग सगळीकडे लागते तेव्हा एकमेकांचे बंब मोजण्यात अर्थ नसतो, हे मान्य करायलाच हवं. सामायिक साठ्याच्या समर्थकांनी हा मुद्दा टाळू नये. मी त्याच बाजूचा असून सांगतो. अशा संकटासाठी गोदामातला माल फक्त पहिले काही आठवडे तग धरायला पुरतो. त्यापुढे कारखाने लागतात, आणि ते कुणासाठी आधी बनवतील याचे करार लागतात.

कॉलराच्या लसीने हेच वेगळ्या रीतीने दाखवलं. २०१३ मध्ये २० लाख मात्रांनी सुरू झालेला साठा वाढत गेला, पण साथी त्याहून वेगाने वाढल्या. २०२१ ते २०२३ या काळात १४ देशांनी ७ कोटी ६० लाख मात्रा मागितल्या आणि हाताशी होत्या त्याच्या निम्म्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये दोनऐवजी एकच मात्रा द्यायचा निर्णय घ्यावा लागला. समन्वय गट नीट चालला, किल्ली योग्य हातात होती, अर्ज वेळेत तपासले गेले, आणि कपाट रिकामं होतं. म्हणजे साठा राखणाऱ्यांनी वर्षानुवर्षांची खरेदी आगाऊ नक्की केली पाहिजे, नाहीतर कुठलाही उत्पादक गरिबांच्या रोगाची लस बनवायला कारखाना उभारणार नाही.

दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे वस्तू कशाला, पैसे द्या. जिथे बाजार चालू आहे तिथे हे अगदी खरं आहे. धान्य, कपडे, भांडी विमानातून नेणं हा पैशाचा आणि स्थानिक दुकानदाराच्या पोटाचा अपव्यय आहे. कुटुंबाच्या हाती रक्कम द्यावी, ते आपलं ठरवतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी शुद्ध करायचं यंत्र, शस्त्रक्रियेचा संच किंवा काँक्रीट कापायची करवत कुठल्या बाजारात मिळणार? जे विकत मिळतं त्यासाठी पैसा, आणि जे मिळत नाही त्यासाठी गोदाम, एवढी रेघ ओढली तर दोन्ही मतांचं भांडण उरत नाही.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा: समर्थ देशाने दुसऱ्याच्या साठ्याकडे का बघावं? २०११ मध्ये फुकुशिमाची अणुभट्टी तापत होती. जपानइतकी आपत्तीची तयारी फार थोड्या देशांची असेल. तरीही तिथल्या वापरलेल्या इंधनाच्या उंच टाकीत पाणी सोडायला योग्य यंत्र जवळ नव्हतं. पन्नास मीटरहून लांब हाताचा, काँक्रीट उचलून ओतणारा एक जर्मन बनावटीचा पंप व्हिएतनामकडे निघालेला असताना योगायोगाने योकोहामा बंदरात होता. तो वळवला आणि त्याच्या हाताने टाकीत पाणी ओतलं गेलं. चीनमधूनही तसाच लांब हाताचा पंप आला. एवढ्या समर्थ देशाची भिस्त त्या दिवशी बंदरात कुठला माल थांबलाय यावर होती. नंतर अमेरिकेतल्या अणुवीज कंपन्यांनी मेम्फिस आणि फिनिक्स इथे सामायिक साहित्याची दोन केंद्रं उभारली, आणि पंप, नळ्या, केबल यांची जोडणी कुठल्याही प्रकल्पाला बसेल अशी एकसारखी ठरवून घेतली. बाल्टिमोरच्या आट्यांचा धडा शंभर वर्षांनी पुन्हा गिरवला गेला.

वर्गणीचं बोलायचं तर मानवतावादी मदतीचा बहुतेक पैसा आजही ऐच्छिक आहे. जो देतो तो कुठे, कशावर, कुणाच्या नावाने खर्च व्हावा हे सुचवतो. शांतिसेनेसाठी मात्र प्रत्येक देशाचा वाटा त्याच्या ऐपतीप्रमाणे ठरतो आणि तो देणं बंधनकारक असतं. राखीव साठ्याच्या देखभालीला तीच पद्धत लावावी. रक्कम तुलनेने लहान आहे. गरीब देशाचा वाटा नाममात्र असू दे, पण असू दे. कारण ज्याने भरलं आहे तो मागताना हात जोडत नाही.

आणि एक गोष्ट तर एक पैसाही न वाढवता उद्या सुरू करता येईल. प्रत्येक प्रादेशिक कोठाराने वर्षातून दोनदा, आधी न कळवता, एक पॅलेट बाहेर काढावं. त्यावर दहा पंप, दोन जनरेटर, काही ताडपत्र्या, चार उपग्रह फोन. ते सभासद देशांपैकी चिठ्ठीत निघेल त्या देशाकडे, खऱ्या कागदपत्रांसह, खऱ्या सीमेवरून पाठवावं. घड्याळ लावावं. गोदामातून निघायला किती तास, विमानात चढायला किती, कस्टम्समध्ये किती, उपग्रह फोनच्या परवान्याला किती, आणि पोचल्यावर दहापैकी किती पंप चालू झाले, हे सगळं सभासदांच्या नावानिशी छापून टाकावं. पहिल्या वर्षीचे आकडे वाईट येतील. ते वाईट आले की कुठल्या टेबलावरची कुठली सही काढून टाकायची, ते प्रत्येक देशाला आपापलं कळेल.